शून्य धरलेली उधारी

एका चौरसाची बाजू क्ष आहे. ती किंचित वाढवली. त्या वाढीला ह म्हणू. क्षेत्रफळ किती वाढलं? दोन क्ष गुणिले ह, अधिक ह चा वर्ग. याला ह ने भागलं की उरतं दोन क्ष अधिक ह. आता ह शून्य धरा. उत्तर, दोन क्ष. कॅल्क्युलसचं हे पहिलं गणित मी बडोद्याच्या एका कॉलेजात तीसेक वर्षं शिकवलं. त्या ‘आता’पाशी एखादा तरी चेहरा दर वर्षी साशंक व्हायचा, आणि मला तो आवडायचा.

कारण शंका रास्त आहे. भागताना ह शून्य नव्हता. शून्याने भागताच येत नाही. भागून झाल्यावर मात्र तो शून्य झाला. उधारीवर दुकान थाटायचं आणि नफा मोजताना उधारी नव्हतीच म्हणायचं, तसा हा व्यवहार.

१७३४ साली आयरिश तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कलीने ‘द ॲनालिस्ट’ या पुस्तिकेत नेमकं यावर बोट ठेवलं. न्यूटनला जाऊन सात वर्षं झाली होती, दबदबा मात्र कायम होता. बर्कलीचा आक्षेप असा, की एखादं गृहीतक मागे घेतलं तर त्याच्या जोरावर मिळवलेलंही सोडावं लागतं. धड शून्य नाहीत आणि धड काही आहेत असंही नाही, अशा या राशींना त्याने भुतांच्या पंगतीला बसवलं. उत्तरं चुकीची येतात, असं मात्र तो म्हणत नव्हता. दोन चुका एकमेकींना खोडतात म्हणून उत्तर बरोबर येतं, असं त्याचं स्पष्टीकरण होतं.

बर्कली धर्मोपदेशक होता. त्याच वर्षी तो क्लॉइनचा बिशप झाला. पुस्तिका एका अश्रद्ध गणितज्ञाला उद्देशून होती. हे सगळं ज्याला पचतं, त्याने धर्मातल्या गूढांना नाकं का मुरडावीत, हा त्याचा खरा सवाल.

तो सवाल मला घरातही ऐकावा लागला. आई वारकरी, मी देव न मानणारा. एकदा वाद रंगला असताना तिने विचारलं, “तुमच्यात सगळं सिद्ध करूनच पुढे जातात का रे?” हो म्हणून वाद जिंकता आला असता. पण खरं उत्तर नाही असंच होतं. ऑयलरसारख्यांनी पाया पक्का होण्याआधीच मजल्यांवर मजले चढवले होते. तसं सांगितल्यावर ती म्हणाली, “मग तोही विश्वासच की!”

होताच. पण गणिताने उधारी वहीतून पुसली नाही. मॅक्लॉरिनने १७४२ मध्ये बर्कलीला उत्तर म्हणून न्यूटनची पद्धत प्राचीन ग्रीकांच्या काटेकोर रीतीवर उभी करून दाखवली. १८२१ मध्ये कोशीने सीमेची कल्पना मध्यभागी आणली आणि पुढे वायरश्ट्रासने ती नेमक्या भाषेत बसवली. आता ह ला शून्य करावंच लागत नाही. दोन क्षपासून किती फरक चालेल ते तुम्ही सांगा; ह किती लहान घेतला की फरक त्याच्या आत राहील, ते मी सांगतो. तुम्ही कितीही कंजूषपणा केलात, तरी मला उत्तर देता आलं पाहिजे. एवढंच. भुताचं नाव नाही.

आणखी गंमत म्हणजे १९६०च्या दशकात अब्राहम रॉबिन्सनने त्या हकालपट्टी झालेल्या अतिसूक्ष्म राशींनाही तर्कशुद्ध जागा मिळवून दिली.

बर्कलीचा हेतू काहीही असो, त्याची शंका खरी होती. आणि शंका कोणाच्या तोंडून आली यावरून ती तोलायची नसते. पूल उभा राहतो, ग्रहण वेळेवर लागतं, म्हणून मागचा तर्क आपोआप शुद्ध होत नाही.

फेडायला किती काळ लागला, हे आईने विचारलंच. शंभराहून जास्त वर्षं, मी म्हणालो. ती तुळशीची माळ चाचपत म्हणाली, “मग मला कसली घाई करतोस?”

याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. तेही वहीत लिहून ठेवलं आहे.