मावशीचा टीव्ही बिघडला नव्हता

आज जरा घरगुती विषय आहे, पण शेवटपर्यंत वाचा. तुमच्याही गावाकडच्या घरात असाच एक टीव्ही असणार.

माझी मावशी नाणे मावळात राहते. वय ७४. काका गेल्यापासून एकटीच. मुलगा पिंपरीत नोकरीला. घरात काकांनी घेतलेला २१ इंची जुना टीव्ही, मागे पोट असलेला. दोन वर्षं त्याच्यावर भरतकामाचा रुमाल टाकलेला होता. विचारलं तर म्हणाली, "बिघडलाय रं. डबा दाखवतो, चित्र न्हाय."

बघितलं तर टीव्ही ठणठणीत. बंद पडला होता तो खासगी डीटीएचचा रिचार्ज. नोंदणीचा मोबाइल नंबर काकांचा. काका गेले, नंबर बंद झाला, रिचार्जची आठवण करणारे मेसेजही थांबले. मावशीच्या लेखी मात्र टीव्ही बिघडला.

मावसभाऊ म्हणाला, "टाकून दे तो डबा, हप्त्यावर स्मार्ट टीव्ही घेऊ." आता त्या खोऱ्यात मोबाइलला रेंज मिळवायला अंगणात यावं लागतं, तिथे स्मार्ट टीव्ही इंटरनेट कुठून आणणार? आणि मावशीची मागणी एवढीच होती, "आषाढीला पांडुरंगाची पूजा बघायला मिळंल का? गुडघ्यांनी वारी तर सुटली."

म्हणून मी या बॉक्सच्या भानगडीत पडलो. जे शिकलो ते सांगतो.

आधी थोडा मागचा हिशेब. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुणे भागात दिसू लागलं. आपल्याकडे मध्ये डोंगर, म्हणून उंच बांबूला अँटेना बांधायचा, एकाने पत्र्यावर चढून फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून "आलं, गेलं" ओरडायचं. मग केबल आली. २०११ च्या कायदादुरुस्तीने केबल डिजिटल करायचं ठरलं. पहिल्या टप्प्यात मुंबईसह चार महानगरं, दुसऱ्यात पुणे, पिंपरी-चिंचवड वगैरे ३८ शहरं, तिसऱ्यात लोणावळा-तळेगावसारखी नगरपरिषदेची गावं आणि शेवटी खेडी. तारखा पुढे ढकलत ढकलत हे काम २०१७ पर्यंत चाललं. मावशीच्या वाडीत पाच-सात घरांसाठी डिजिटलचा खर्च परवडेना, केबलवाल्याने वायर गुंडाळून नेली. त्यानंतर दूरदर्शननेही जुने ॲनालॉग मनोरे बंद केले. २०२२ पर्यंत मोजकी ठिकाणं सोडून देशभरातले गेले. आता अँटेना कितीही फिरवा, नुसत्या मुंग्या.

अमेरिकेतही असंच झालं. तिथले मोठे ॲनालॉग मनोरे १२ जून २००९ ला बंद झाले. पण त्याआधी सरकारने जुन्या टीव्हीला लावायचा डबा घेण्यासाठी मागेल त्या घराला ४० डॉलरची कुपनं दिली, घरटी दोनपर्यंत. आमच्या वाडीत कुणी साधी दवंडीसुद्धा पिटली नाही.

आता मुद्द्याचं. जुन्या टीव्हीसाठी आपल्याकडे दोनच सरळ रस्ते आहेत.

एक, महिन्याचे पैसे देऊन केबल किंवा खासगी डीटीएच. फेब्रुवारी २०१९ पासून नुसत्या जोडणीचं शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये ठरलं होतं, करासह १५३ रुपये ४० पैसे. पैशांच्या वाहिन्यांचे दर वेगळे. २०२४ मध्ये ट्रायने ती १३० ची मर्यादाही उठवली.

दोन, दूरदर्शनची डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली तीच. महिन्याला एक रुपया नाही. छत्री, बॉक्स, वायर मिळून दीड-दोन हजारांत एकदाच काय तो खर्च. वरचे १५३ रुपये ४० पैसे गुणिले बारा करा, १८४० रुपये होतात. म्हणजे एका वर्षाच्या नुसत्या जोडणी-शुल्कात फ्री डिश कायमची बसते.

पण खरं तेही सांगतो. घरात कुणाला स्टार प्रवाह किंवा झी मराठीची रोजची मालिका लागत असेल, तर फ्री डिश घेऊन भांडणं ओढवून घेऊ नका. त्या पैशांच्या वाहिन्या, इथे नसतात. इथे सह्याद्री आणि दूरदर्शनच्या इतर वाहिन्या मिळतात. शिवाय ई-लिलावात जागा घेतलेल्या काही खासगी वाहिन्या असतात, पण आज दिसते ती पुढच्या वर्षी असेलच असं नाही. मावशीला सह्याद्री, बातम्या आणि कीर्तन हवं होतं. तिचा प्रश्न मिटला.

बॉक्स घेताना मी काय चुकलो ते ऐका. दुकानदाराने दिला तो बॉक्स घेऊन तडक गाव गाठलं. बॉक्सला फक्त एचडीएमआयची चपटी खाच, मावशीच्या टीव्हीला लाल-पिवळी-पांढरी भोकं. जुळणार कसं? परत फेरी. म्हणून तुम्ही निघण्याआधी टीव्हीच्या पाठीचा फोटो काढा आणि तो दुकानात दाखवा. लाल-पिवळी-पांढरी भोकं असतील तर एव्ही आउट असलेला बॉक्स मागा. टीव्ही त्याहून जुना असेल, फक्त अँटेनाची जाड खाच असेल, तर मॉड्युलेटर नावाची छोटी डबी मध्ये लावावी लागते. जुन्या केबलवाल्यांना ती बरोबर माहीत असते.

दुसरं, बॉक्स एमपेग-४ चाच घ्या. एमपेग-२ चा स्वस्त पडतो, पण फ्री डिशवरच्या काही वाहिन्या त्यावर दिसतच नाहीत. तिसरं, खासगी कंपनीचा जुना बॉक्स माळ्यावर पडला असेल तर तो यात चालेल या भरवशावर राहू नका, ते कुलूपबंद असतात. छत्री मात्र बहुतेक वेळा चालते. मी पत्र्यावरची जुनीच छत्री वापरली.

ती फिरवली आग्नेयेला. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. आपल्या मावळातून तो आग्नेय दिशेला, जमिनीपासून साधारण ५८ अंश वर येतो. छत्री बघताना ती तेवढी आभाळाकडे वळलेली वाटत नाही, तिची घडणच तशी असते. आपला फायदा असा की उपग्रह इतका वर आहे की खोऱ्यातल्या घरालाही डोंगर सहसा आडवा येत नाही. फक्त समोर आंब्याची फांदी नको. बॉक्सच्या मेनूत सिग्नलची क्वालिटी दिसते, ती बघत छत्री बोटभर बोटभर सरकवायची. मी वर आणि मावशी आतून "आलं... गेलं... आरं आलं!" पुन्हा तेच. शेवटी बॉक्सच्या सेटिंगमध्ये ४:३ निवडा, नाहीतर माणसं उभी ताणलेली दिसतात.

राहिला पाऊस. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि धो धो पावसात छत्रीचा सिग्नल जातो. फ्री डिश असो की महागडं डीटीएच, त्यात भेदभाव नाही. पूर्वी चित्र मुंग्यांतून का होईना दिसायचं. डिजिटलला मधलं काही माहीत नाही, चौकोन पडतात आणि एकदम काळं. म्हणून कोरड्या दिवसात सिग्नल होईल तेवढा चांगला लावून घ्या. नट घट्ट करा, जोडावर टेप गुंडाळा. वायर घरात घेण्याआधी बाहेरच खाली एक लोंबता वेढा द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जातं.

आषाढीला पहाटे पाऊस होताच. सकाळी मी धाकधुकीतच फोन केला. "दोनदा गेलं, पर पूजा दिसली," मावशी म्हणाली. मग दहा मिनिटं पांडुरंगाच्या पोशाखाबद्दलच बोलत होती.

आता माझं म्हणणं. हे कळायला मला दोन फेऱ्या आणि एक परत केलेला बॉक्स लागला. मावशीला कोण सांगणार होतं? महिन्याचा रिचार्ज विकणारा दारात येतो, फुकटची गोष्ट सांगायला कोण येणार? जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने प्रसारभारतीसाठी २५३९ कोटींची योजना मंजूर केली. त्यात दुर्गम, आदिवासी, सीमाभाग वगैरेंसाठी ८ लाखांवर फ्री डिश बॉक्स वाटायचं ठरलं होतं. आपल्या आंदर मावळातल्या, नाणे मावळातल्या ठाकर-कातकरी वाड्यांचा त्यात विचार झाला का? हे ग्रामपंचायतींनी ठराव करून लेखी विचारावं. आणि खर्च न करता होणारं काम म्हणजे फलकावर चार ओळींची सूचना आणि गावात एक दिवस मिस्त्री बोलावणं. आधारसाठी शिबिरं घेतो, तसंच.

तोवर आपण एक करू. गावी जाल तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या घरात रुमाल टाकलेला टीव्ही दिसला, तर तो उचलून बघा. बिघडलाय की नुसता रिचार्ज संपलाय, एवढं तरी विचारा. काही अडलं तर टीव्हीच्या पाठीचा फोटो मला पाठवा, जमेल तेवढं सांगतो.

मावशीची आता नवी तक्रार आहे. टीव्ही चालतो, पण पावसात लाइटच नसते. त्यावर पुढच्या वेळी लिहितो.