कोलंबसचा शोध

अमेरिकेत कोलंबस नावाची गावं पैशाला पासरी. "वीकेंडला कोलंबसला चाललोय" म्हटलं की ऑफिसातले निम्मे लोक ओहायोचं कोलंबस समजतात, आणि ते नव्हे म्हटल्यावर उरलेले विचारतात, "मग तिथे आहे काय?" मी गेलो होतो ते इंडियाना राज्यातलं कोलंबस. इंडियानापोलिसच्या दक्षिणेला गाडीने पाऊण-एक तास. वस्ती जेमतेम पन्नास हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव.

कोथरूडकरांना मात्र हे कोलंबस समजावून सांगावं लागत नाही. डहाणूकर कॉलनीजवळचा कमिन्सचा कारखाना याच गावातल्या डिझेल इंजिन कंपनीचा. १९६२ साली किर्लोस्करांच्या भागीदारीत सुरू झाला, पुढे नावातलं किर्लोस्कर गेलं. बाबांनी तिथे मेंटेनन्समध्ये तीस वर्षं काढली. आमच्या घरात त्यामुळे कोलंबस म्हणजे अमेरिका शोधणारा माणूस नव्हे, तर ड्रॉइंग्ज जिथून येतात आणि साहेब लोक जिथे ट्रेनिंगला जातात ते ठिकाण. बाबा स्वतः कधी गेले नाहीत. मी शिकागोत राहतो, चार तासांचं अंतर. शुक्रवारची सुट्टी टाकली आणि निघालो.

गाव १८२१ सालचं. पहिलं नाव होतं टिप्टोना, जॉन टिप्टन नावाच्या जनरलवरून. थोड्याच दिवसांत गावकऱ्यांनी ते बदलून कोलंबस केलं आणि टिप्टनसाहेब रागावून गाव सोडून गेले असं सांगतात. नामांतराचे वाद काही फक्त आपल्याकडेच होत नाहीत.

डाउनटाउन म्हणजे खरं तर एकच रस्ता, वॉशिंग्टन स्ट्रीट. दक्षिणेच्या टोकाला १८७४ सालचं कोर्ट, लाल विटांचं, घड्याळाच्या मनोऱ्याचं. अशी कोर्टं या भागात गावोगाव दिसतात. पण त्याच्या आवारात एक वेगळीच गोष्ट उभी आहे. चुनखडीच्या दगडाचे पंचवीस खांब, प्रत्येक चाळीस फूट उंच, एकमेकांच्या इतके जवळ की लांबून एकसंध ठोकळाच वाटावा. हे विसाव्या शतकातल्या युद्धांत मेलेल्या या जिल्ह्यातल्या सैनिकांचं स्मारक, १९९७ सालचं. बाहेरून खांब ओबडधोबड आहेत. मधल्या फटीतून आत शिरलं की दगड गुळगुळीत होतो आणि त्यावर अक्षरं दिसतात. नावं तर आहेतच, पण सैनिकांनी घरी लिहिलेली पत्रंही दगडात कोरली आहेत. आई, बाबा, बायको, कुणाला उद्देशून काय काय. ना घोडा, ना तलवार, ना बंदूक. खांबांच्या मधे उभं राहिलं की वर आभाळाचा तुकडा आणि चारी बाजूंना वाचायला पत्रं, एवढंच. मी पाच मिनिटं म्हणून गेलो होतो, पाऊण तास तिथेच होतो. आपल्याकडे सार्वजनिक कला म्हटलं की पुतळा आठवतो, आणि पुतळा म्हटलं की जयंती, हार आणि क्रेन. हे वाचायचं स्मारक मला नवीन होतं.

शेजारच्या काचेच्या लांबट इमारतीतून पूर्वी 'रिपब्लिक' हे गावचं वर्तमानपत्र निघायचं. १९७१ ची इमारत. आतलं पिवळं छपाईयंत्र रस्त्यावरच्या माणसाला दिसावं म्हणून भिंती काचेच्या ठेवलेल्या. यंत्रही गेलं आणि वर्तमानपत्रही तिथून हललं. २०१८ पासून तिथे इंडियाना युनिव्हर्सिटीचे आर्किटेक्चरचे वर्ग भरतात.

वॉशिंग्टन स्ट्रीटवरची दुकानं जुनीच, दुमजली, विटांची. १९६४ मध्ये अलेक्झांडर जिरार्ड या डिझायनरने या दर्शनी भागांसाठी रंगांचा एक आराखडा करून दिला होता. पाडापाडी न करता, नुसत्या रंगाने रस्ता उजळवायचा. याच रस्त्यावर झाहाराकोस हे १९०० सालचं आइस्क्रीम पार्लर आहे, ग्रीक भावांनी काढलेलं. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनातून आणलेले ऑनिक्स दगडाचे सोडा फाउंटन अजून आहेत, आणि एक प्रचंड बाजाची पेटी आहे जी आपली आपण अख्खा बँड वाजवते. २००६ मध्ये दुकान बंद पडलं होतं. एका स्थानिक उद्योजकाने विकत घेऊन, सगळं दुरुस्त करून २००९ मध्ये पुन्हा उघडलं. आइस्क्रीम ठीक. पेटी मात्र ऐकाच.

समोरच्या बाजूला 'कॉमन्स' नावाचं गावचं मोठं दिवाणखानावजा सभागृह आहे. आत शिरल्या शिरल्या जे दिसतं त्याचं वर्णन कसं करावं कळत नाही. साधारण तीस फूट उंच, सात टन वजनाचा भंगाराचा डोलारा. चाकं, साखळ्या, पट्ट्या, गोळे, आणि सगळं हलतंय. आधी संथपणे कुरकुरत, मग अचानक पिसाळल्यासारखं धडाधड, मग पुन्हा सुस्त. ज्यां टँगेली या स्विस शिल्पकाराने १९७४ मध्ये ते या गावात राहूनच बनवलं. नाव 'केऑस वन'. शेजारी पोरं खेळत होती आणि त्यांना या राक्षसाचं काही म्हणजे काही वाटत नव्हतं.

हे बाबांना दाखवलंच पाहिजे असं वाटलं. शनिवार, इथे सकाळचे दहा, तिकडे संध्याकाळचे साडेसात. व्हिडिओ कॉल लावला.

"हे काय बनवतं?" बाबा.
"काही नाही. शिल्प आहे."
थोडा वेळ शांतता. मग, "ऑइलिंग कोण करतं रे याचं?"

मी हसलो, पण नंतर दिवसभर हाच प्रश्न डोक्यात फिरत राहिला. हा शंभर नंबरी मेंटेनन्सवाल्याचा प्रश्न आहे, आणि मी स्वतः पोटापाण्यासाठी दुसऱ्यांनी वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या सिस्टिम्स सांभाळतो, त्यामुळे मलाही तो लागू. हे यंत्र अधूनमधून दुरुस्तीसाठी बंद ठेवावं लागतं. आणि गंमत म्हणजे, ज्या इमारतीसाठी ते बनवलं ती इमारत आता नाही! सीझर पेली या आर्किटेक्टचं १९७३ चं कॉमन्स पाडून २०११ मध्ये नवीन उघडलं. पाडापाडी चालू असताना 'केऑस' होतं तिथेच उभं होतं. त्याला धक्का न लावता भोवतीची इमारत बदलली. प्रॉडक्शन चालू ठेवून खालचा डेटाबेस बदलणाऱ्यांना यातली भीती कळेल.

पण एवढ्याशा गावात हे सगळं आलं कुठून? तर कमिन्समधून, आणि नेमकं सांगायचं तर जे. अर्विन मिलर या माणसामुळे. कंपनी १९१९ ची. क्लेसी कमिन्स हा मेकॅनिक, अर्विन कुटुंबाची गाडी चालवणारा, आणि भांडवल अर्विनांचं. बरीच वर्षं तोटा. नफा दिसायला १९३० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला, तोवर कारभार पुढच्या पिढीतल्या मिलरकडे आला होता. युद्धानंतर गाव वाढलं, शाळा कमी पडायला लागल्या आणि घाईघाईत कशाबशा बांधल्या जाऊ लागल्या. तेव्हा कमिन्सच्या फाउंडेशनने एक प्रस्ताव ठेवला. आम्ही देतो त्या यादीतला आर्किटेक्ट निवडा, त्याची फी आम्ही भरतो. बांधकामाचा खर्च तुमचा. १९५७ मध्ये या योजनेतली पहिली शाळा झाली. मग आणखी शाळा, फायर स्टेशन.

मला हा सौदा फार हुशारीचा वाटतो. अख्खी इमारत दान दिली असती तर गावाने नुसता फीत कापण्याचा समारंभ केला असता. इथे पैसे गावाचे, त्यामुळे भांडणंही गावाची आणि इमारतही गावाची. अर्थात यात निव्वळ परोपकार नाही. मक्याच्या शेतांच्या मधोमध असलेल्या गावात चांगले इंजिनिअर यायला हवेत, हाही हिशोब होता. आणि यादी शेवटी एका श्रीमंत माणसाच्या आवडीच्या वर्तुळातून यायची, हेही आहेच. हा मिलर १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या जुळवाजुळवीत होता, अमेरिकेतल्या चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेचा अध्यक्ष होता. माणूस चांगला निघाला हे गावाचं नशीब. दरवेळी असं होईलच असं नाही.

त्याच्या घराण्याची बँक पाचव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे, एरो सारिनेनने १९५४ मध्ये बांधलेली. बँक म्हणजे दगडी खांब आणि लोखंडी गज असा जमाना असताना हा चारी बाजूंनी काचेचा बसका मंडप, छपरावर नऊ उथळ घुमट. त्या घुमटांवरून गावात काय विनोद झाले ते इथे लिहीत नाही :) आतलं सगळं बाहेरून दिसावं, शेतकऱ्याला आत यायला भीती वाटू नये ही कल्पना. आणि ही बँक २००९ च्या सप्टेंबरमध्ये बुडाली. म्हणजे इमारतीची पारदर्शकता हिशोबात उतरतेच असं नाही. इमारत कमिन्सने घेतली, आता तिथे कॉन्फरन्स सेंटर आहे. काचा लखलखीत.

तिथून उजवीकडे वळलं की आय. एम. पेईंची १९६९ ची लाल विटांची लायब्ररी, आणि तिच्यापुढच्या चौकात हेन्री मूरची ब्राँझची कमान, १९७१ ची, वीसेक फूट उंच. हिरवट, हाडासारखी, कुठूनही बघितली तरी वेगळी. तिला कुंपण नाही, 'हात लावू नये' नाही. सायकलवाली पोरं तिच्यातून आरपार जात होती. रस्त्यापलीकडे एलिएल सारिनेनचं, म्हणजे बँकवाल्याच्या वडिलांचं, १९४२ चं चर्च. त्याचा १६६ फुटी मनोरा इतका खचला होता की तो राहतो की जातो अशी वेळ आली होती. लोकांनी पैसे उभे केले आणि २०२२ मध्ये तो दुरुस्त झाला. त्याच वर्षी गावातलं दुसरं नामांकित चर्च, एरोचं, मंडळीच उरली नाही म्हणून बंद झालं. तिथे हिशोबच वेगळा. मनोऱ्याला पैसे लागतात, माणसं कुठून आणायची? ती इमारत आता लायब्ररीकडे गेली आहे.

मिलर २००४ मध्ये गेला. फी भरणारा पाठीशी असताना बांधणं वेगळं आणि पन्नास वर्षांनी गळकी छपरं सांभाळणं वेगळं. बाबांचा ऑइलिंगचा प्रश्न तो हाच. २०१५ पासून 'लँडमार्क कोलंबस' नावाची संस्था खास यासाठीच काम करते. पुण्यात पेठेतले वाडे एकेक करून जाताना बघितलेल्या माणसाला याचा हेवा वाटतो, दुसरं काय.

एक सांगायचं राहिलं. शुक्रवारी कमिन्सच्या मुख्य ऑफिसच्या लॉबीत गेलो होतो. तिथे रुडॉल्फ द हराक या डिझायनरने १९८५ मध्ये एक डिझेल इंजिन अक्षरशः सुटं करून हवेत टांगलंय. प्रत्येक नट, प्रत्येक पिस्टन आपापल्या जागेपासून थोडा लांब, जणू स्फोट मधेच थांबवलाय. पुण्यात तेव्हा मध्यरात्र, म्हणून फोटो पाठवून ठेवले होते. सकाळी उठून बघतो तर बाबांनी फोटोवर बाण काढून परत पाठवलेले. कनेक्टिंग रॉड, कॅमशाफ्ट, रॉकर लिव्हर, इंजेक्टर, एकूण सतरा बाण. खाली लिहिलं होतं, "डावीकडून एक फोटो हवा. ऑइल पंप दिसत नाही."

शनिवारी लॉबी बंद होती. सोमवारी ऑफिसला अर्धा दिवस दांडी मारून तो फोटो काढला.

कुणाला जायचं असेल तर पाचव्या रस्त्यावर व्हिजिटर सेंटर आहे, पायी फिरायचा नकाशा मिळतो. विषम वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी गेलात तर 'एक्झिबिट कोलंबस'ची तात्पुरती शिल्पंही रस्तोरस्ती मांडलेली असतात. मिलरचं घर बघायचं असेल तर बुकिंग आधी करा. मला मिळालं नाही.