जिन्यावरून पडलेली बाई

दवाखान्यात आलेली बाई नवऱ्याने मारले असे सहसा सांगत नाही. ती म्हणते, ‘‘जिन्यावरून पडले.’’ घर एका खोलीचे, त्यात जिना कुठला, हा प्रश्न केसपेपर लिहिणाऱ्याला पडत नाही. मलमपट्टी होते, गोळ्या मिळतात आणि महिन्याभराने तीच बाई ‘मोरीत घसरून’ पुन्हा येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दर दहा विवाहितांपैकी जवळजवळ तिघींनी नवऱ्याकडून मारहाण वा जबरदस्ती सोसल्याचे सांगितले. तेव्हा असे जिने घरोघरी आहेत!

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी २००१ साली ‘दिलासा’ केंद्र काढले, तेही रुग्णालयातच. खरी मेख इथे आहे. पोलीस ठाण्याची पायरी चढताना बाई दहादा विचार करते. दवाखान्यात मात्र पोराचा ताप, स्वतःची डोकेदुखी असे निमित्त काढून ती येऊ शकते. घरी कुणाला संशय येत नाही.

तिथल्या डॉक्टरांना, परिचारिकांना मुख्यतः विचारायला शिकवले गेले. सोबत नवरा किंवा सासू असेल तर त्यांना बाहेर बसवायचे. घरी कुणी त्रास देते का, हे हळू पण सरळ विचारायचे. उत्तर आलेच तर ‘‘तू काय केलं होतंस?’’ असे चुकूनही म्हणायचे नाही. (आपल्याकडे हेच सर्वांत कठीण!) जखम कुठे, कशाने, कुणी केली ते कागदावर नीट उतरवायचे, पुढे कोर्टात तोच कागद कामी येतो. घरी जाणे धोक्याचे असेल तर वॉर्डात दाखल करून एकदोन दिवसांचा आसरा द्यायचा. ती परत जातेच म्हणाली, तर रागवायचे नाही. रेशनकार्ड, थोडे पैसे विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवायला सुचवायचे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानेही अशा बाईला उपचार देणे दवाखान्यावर बंधनकारक केले आहे.

आता जयपूरच्या खातीपुऱ्यासारख्या वस्तीतला लहानसा दवाखाना घ्या. तिथे समुपदेशक कुठून आणायचा? पण बंद होणारे दार, पाच मिनिटांचा एकांत आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक ठाऊक असलेली नर्स, एवढ्याला खर्च येत नाही. क्रमांकाची चिठ्ठी मात्र देऊ नये. नवऱ्याच्या हाती लागली तर? त्यापेक्षा तो पाठ करून घ्यावा. तीनच तर आकडे आहेत.