वाटी आणि डबी

नायगावात दाढीचं इलेक्ट्रिक मशीन वापरणारे आता पुष्कळ आहेत. पण ते मशीन धुण्यासाठी दुसरं मशीन बाळगणारा गावात मी एकटाच असेन. शेव्हर त्यात उलटा उभा करायचा, बटण दाबायचं. खालच्या डबीतला लिंबाच्या वासाचा द्रव वर चढतो, जाळी आणि पाती धुऊन निघतात, निळा दिवा लागतो. डबीला कंपनी कार्ट्रिज म्हणते. एका डबीत साधारण तीस धुणी होतात, असा हिशेब असतो. आमच्याकडे त्याच्या निम्म्यातच ती कोरडी पडायची. नवी मागवली की नांदेडमार्गे पार्सल येईपर्यंत मी अस्वस्थ. मशीन न धुता गालाला लावायचं म्हणजे काय!

हा शेव्हर मी 2020 मध्ये घेतला. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली आणि सलून बंद झाली. 28 जूनपासून राज्यात ती उघडायला परवानगी मिळाली, पण केस कापायची; दाढीची नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्याचं दुकान आहे त्याचं तीन महिन्यांत काय झालं असेल, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. माझ्या डोक्यात एवढंच आलं, की बघा, मी म्हणत होतो ते सरकारनंच म्हटलं.

कारण सलूनमधल्या दाढीची किळस मला करोनाच्या कितीतरी आधीपासून होती. आरशाखालच्या फळीवर एक स्टीलची वाटी असायची. ब्रश तिच्यात बुडायचा, निघायचा, पुन्हा बुडायचा. सकाळी पाणी स्वच्छ, दहा वाजेपर्यंत दुधाळ, दुपारी करडं. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे किळस आली की तिला शास्त्रीय नाव द्यायची सोय माझ्याकडे होती. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस टिकतो, हे मी शिक्षकांच्या खोलीत किती वेळा ऐकवलं असेल! माहिती खरी होती. पण रक्ताचा धोका असतो तो पात्याशी, आणि आमचा कारागीर पातं दरवेळी नवं लावायचा. पाकिटातून काढून, माझ्यासमोर मधोमध मोडून. एड्सच्या प्रचाराच्या काळात नवं ब्लेड मागा असे फलक लागले, तेव्हापासूनची त्याची सवय. मग माझी भीती पात्यावरून वाटीवर गेली. त्यानं वाटीतलं पाणी बदललं तर ती टॉवेलवर गेली. एकदा त्यानं धुतलेला टॉवेल दोरीवरून काढून आणला, तेव्हा मी त्याच्या बोटांकडे बघत बसलो होतो.

तेव्हाच मला कळायला हवं होतं.

डबी लवकर का संपते, याचं माझं उत्तर तयार होतं: कंपनी कमी भरते. जगात सगळे लुटायलाच बसलेत, हे निवृत्तीनंतरचं आवडतं तत्त्वज्ञान. बायकोनं एकदा ती डबी उचलून पाहिली. नवी डबी येते तेव्हा तिच्या तोंडावर एक टोपण असतं. ते मी पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकायचो. ती म्हणाली, ‘‘आहो, लोणच्याच्या बरणीला आपण दादरा बांधतो. याचं तोंड असं वर्षभर उघडंच?’’

मी तिला समजावायला लागलो, की हे लोणचं नाही, यात अल्कोहोल असतं, अल्कोहोलचं बाष्पीभवन... आणि तिथंच थांबलो. तीस-पस्तीस वर्षं फळ्यावर खडूनं काढलेली ती आकृती माझ्या डोळ्यांसमोर आली. उघडा पृष्ठभाग जास्त, तापमान जास्त, हवा कोरडी, तर बाष्पीभवन जास्त. आमच्याकडे मे महिन्यात पारा 42-43 वर असतो आणि मी ते धुण्याचं मशीन पश्चिमेच्या खिडकीत ठेवलं होतं. डबी मी वापरून संपवत नव्हतो. ऊन ती पीत होतं. त्यातही आधी उडतं ते अल्कोहोल, पाणी मागं राहतं. म्हणजे डबी अर्धी झाली की उरलेला द्रव नुसता अर्धा नसतो, दुबळाही असतो. वास मात्र येत राहतो, आणि मी वासावर विश्वास ठेवून होतो. असा शिक्षक मुलांना लाभला.

यानंतर मी काटकसरीचा पहिला प्रयोग केला आणि तो वाया गेला. करोनातला सॅनिटायझरचा कॅन घरात पडून होता. तेही अल्कोहोलच, म्हणून डबीत ओतलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातही हातांची कातडी कोरडी पडू नये म्हणून 1.45 टक्के ग्लिसरीन घालतात, हे मला नंतर आठवलं. हाताला ते चांगलं, जाळीला चिकट. शेव्हर कण्हायला लागला. तो ठीक करायच्या भरात मी जाळीवर कडक ब्रश घासला आणि जाळी फाटली. जाळी कागदाहून नाजूक असते, ती फक्त हलकेच आपटून झटकायची. ब्रश फिरवायचा तो आतल्या पात्यांवर.

बसस्थानकाजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या पोराला मी सहज विचारलं, ‘‘तू ती सर्किटं कशानं पुसतोस?’’ त्यानं बाटली दाखवली. आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. ‘‘सर, हे लवकर उडतंय. झाकण लावून ठेवा. अन् गॅसजवळ, देवाऱ्याजवळ नेऊ नका, भडकंल.’’ ते तो बरोबर सांगत होता. बारा अंशांच्या आसपासच त्याची वाफ पेट घेण्याजोगी होते, आणि आमच्याकडे तर पहाटेही बहुधा त्याहून गरम असतं. मी बाटली आणली. डबी रिकामी करून, धुऊन, त्यात हे भरायचं ठरवलं.

रिकामी करण्यासाठी ती अंगणात नेली. दुपारची वेळ होती. हाताशी पांढरी एनॅमलची थाळी होती, तीत मी डबी उपडी केली.

जे बाहेर आलं ते पाहून मी मागं सरलो. तपकिरी, गढूळ, तळाला काळपट गाळ. बारीक पूड झालेले केस, मेलेल्या कातडीची भुकटी, तेलकट तवंग. मधे एक गाळणी असते तिच्यावर तर नुसता चिखल. उन्हात ती थाळी चमकत होती आणि तिच्यात माझ्याच तोंडाचा कित्येक आठवड्यांचा मळ तरंगत होता.

मग प्रश्न पडला, की मला नेमकं काय वाटत होतं? रोज बटण दाबल्यावर कुठून तरी ताजा द्रव येतो आणि वापरलेला कुठं तरी निघून जातो? कुठं? त्या मशीनला नळही नाही आणि मोरीही नाही. एकच द्रव खालून वर चढतो, मळ घेऊन खाली उतरतो, गाळणीतून जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. तीस धुण्यांना तोच. माहितीपुस्तिकेत चित्र काढून दाखवलेलं होतं. मी ते पाहिलंही होतं. तरी निळा दिवा लागला, की मी निश्चिंत व्हायचो.

म्हणजे ती वाटी माझ्या घरातच होती. तेच पाणी, पुन्हा तेच पाणी, दुधाळ, मग करडं, मग तपकिरी. फक्त ती काळ्या प्लॅस्टिकच्या आत असल्यामुळे दिसत नव्हती, आणि तिच्यासाठी मी शेकडो रुपये मोजत होतो.

फरक आहे, हे मी स्वतःला लगेच सांगितलं. डबीत अल्कोहोल, वाटीत नुसतं पाणी. डबीत एकाच माणसाचा मळ, वाटीत दहा जणांचा. हा फरक लहान नाही आणि आजही मी तो मानतो. पण सलूनच्या खुर्चीत बसून मी हा फरक कधी मोजला होता का? मला किळस आली होती ती रंगाची. रोगजंतूंचं नाव मी तिला नंतर चिकटवलं. आणि रंगाचीच किळस असती तर पाणी बदलल्यावर ती जायला हवी होती. ती गेली नाही, टॉवेलवर गेली, टॉवेलवरून बोटांवर गेली.

थाळी पुढ्यात घेऊन मी बराच वेळ उकिडवा बसलो होतो. लहानपणी आमच्या घरी धोपटी घेऊन जे म्हातारे यायचे, ते आठवले. आजोबा ओसरीखाली बसून दाढी करून घ्यायचे आणि नंतर अंघोळ केल्याशिवाय घरात कशालाही शिवायचे नाहीत. त्या म्हाताऱ्यांना सुगीला धान्याचं बलुतं मिळायचं. पाणी प्यायला त्यांच्यासाठी वेगळा तांब्या होता की नव्हता, हे मला आठवत नाही. आठवत नाही, की आठवायचं नाही, हेही मला नक्की सांगता येणार नाही. आजोबा निदान स्वतः अंघोळ करायचे. नातवानं ती अंघोळ मशीनला घालायला सुरुवात केली आणि तिला आरोग्यशास्त्र म्हटलं. आमच्या पिढीतल्या शिकलेल्या माणसाला जात उघड बोलायची सोय राहिली नाही, म्हणून तो स्वच्छता बोलतो. मी ती फार अस्खलित बोलत होतो.

बायको बाहेर आली. ‘‘काय करालाव हे उन्हात?’’

‘‘डबी धुतोय,’’ मी म्हणालो.

पुढचं काम सोपं होतं. जुन्या सुती साडीच्या दोन पदरांतून द्रव गाळला. वरचा थोडा बरा निघाला, पण तोही मी फेकून दिला. गाळून मळ जातो, उडून गेलेलं अल्कोहोल परत येत नाही. दुकानातला आयपीए जवळजवळ शुद्ध असतो, म्हणून सात भागांना तीन भाग पाणी घातलं. पाणी बोअरचं नाही. आमच्या बोअरच्या पाण्यात इतके क्षार, की बादलीला पांढरी किनार येते. ते जाळीच्या भोकांत बसले तर शेव्हरची कातळशिळा होईल. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर घरात असतंच. विकतच्या द्रवात थोडं वंगणही असतं, ते आपल्या मिश्रणात नसतं आणि अल्कोहोल पात्यांवरचं तेलही धुऊन नेतं. म्हणून धुतल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. भरताना आतल्या रेषेच्या वर जायचं नाही. काही मशीन शेव्हर वाळवायला आत उष्णता देतात. तसल्या मशीनमध्ये मी हा उद्योग केला नसता. फिलिप्स आणि पॅनासॉनिकची धुण्याची पद्धत पाण्यावर चालते, तिच्यात अल्कोहोल ओतू नये. कंपन्या अर्थातच आपलीच डबी वापरा म्हणतात. त्यांचंही बरोबर असेल.

पण डबी टिकली ती या मिश्रणामुळे कमी आणि इतर दोन गोष्टींमुळे जास्त. धुण्याआधी पाती ब्रशनं झाडून घ्यायची, म्हणजे द्रवात मळ फारसा जात नाही. आणि धुणं झालं की डबी काढून टोपण लावून कपाटात ठेवायची. रोज धुवायचंही काही कारण नव्हतं. जेकब शिक यांचं इलेक्ट्रिक रेझर 1931 मध्ये अमेरिकेत विकायला आलं, फिलिप्सचं फिरत्या पात्याचं 1939 मध्ये. त्यानंतर कित्येक दशकं लोकांनी ही मशीनं एका चिमुकल्या ब्रशवर सांभाळली. तो ब्रश माझ्याही खोक्यात होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत, न उघडलेला.

केस कापायला मी आता पुन्हा गल्लीच्या तोंडाशी जातो. दाढी अजून घरीच करतो, आणि हे त्यालाही दिसतं. माझी किळस पूर्ण गेली, असं मी म्हणणार नाही. टॉवेल गळ्याला लागला की मान किंचित आक्रसते. आता निदान ती का आक्रसते हे मला माहीत असतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी त्याचे हात पुन्हा पाहिले, पण या वेळी काम बघायला. एका गिऱ्हाइकाचं झालं की तो क्लिपर उलटा करून आपटायचा, जुन्या टूथब्रशनं दात झाडायचा, मग छोट्या बाटलीतून स्पिरिटचे दोन फवारे, एक थेंब तेल. आधी झाडणं, मग फवारा. दिवसभरात एवढी डोकी, आणि ती बाटली पुरायची. जी गोष्ट शोधायला मला एक जाळी आणि बऱ्याच डब्या घालवाव्या लागल्या, ती तो खुर्चीच्या मागं उभा राहून करत होता. मी कधी वर पाहिलं नव्हतं.

‘‘सर, तुमचं मशीन कसं साफ करता?’’ त्यानं मागच्या वेळी विचारलं. मी सगळं सांगितलं. डबी, टोपण, इन्व्हर्टरचं पाणी. मशीन धुवायला मशीन म्हटल्यावर तो कात्री थांबवून हसला. बाकावरचे दोघंही हसले. मग त्यानं विचारलं, ‘‘कितीला पडतीय ती डबी?’’

मी निम्म्याहून कमी किंमत सांगितली. त्याला तीही जास्तच वाटली.