कार्ड गेलं म्हणजे नक्की काय गेलं?

आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात विहिरीवरची मोटार जळाली, तर कुणी लगेच नवी आणायला धावत नाही. मोटार टेम्पोत टाकायची आणि रिवाइंडिंगच्या दुकानात न्यायची. दुकानदार नुसत्या वासावरून सांगतो, ‘वाइंडिंग गेलंय, बाकी ठणठणीत.’ तांब्याची नवी तार भरली की तीच मोटार पुन्हा पाणी ओढायला लागते. पण याच घरातला कॉम्प्युटर बंद पडला, की आपण एकदम शहरी होतो. गेला? फेका! नवा घ्या! तोही ईएमआयवर!

इंदापूरचा माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. त्याच्याकडे एका ब्रँडेड कंपनीचा तयार डेस्कटॉप. तुळशीचं लग्न लागलं, सीझन जोरात सुरू झाला आणि ऐन वेळी डेस्कटॉपने मान टाकली. बटण दाबलं की पंखे क्षणभर फिरायचे आणि गप्प. सात लग्नांचा ॲडव्हान्स घेतलेला, तो ड्रोनच्या हप्त्यांत गेलेला. दिवसाआड कुठल्या ना कुठल्या नवरीच्या बाबांचा फोन. कंपनीच्या सर्व्हिसवाल्याने फोनवरच निकाल दिला, ‘वॉरंटी संपलीय, ते कार्ड आता मिळत नाही, नवं मशीन बघा.’

दादाने मला पुण्याला फोन लावला. मी खराडीच्या आयटी कंपनीत आहे, म्हणजे घरच्यांच्या मते प्रिंटरपासून रॉकेटपर्यंत सगळं मला दुरुस्त करता येतं. मी त्याला एवढंच सांगितलं, ‘मेन स्विच बंद कर, ग्राफिक्स कार्ड काढ आणि मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला लाव.’ पीसी झटक्यात सुरू! म्हणजे मशीन जिवंत होतं, डिस्कवरची लग्नं शाबूत होती, गोम फक्त कार्डात होती. (तुमच्या इंटेल प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल, तर ही युक्ती चालणार नाही. त्यात ग्राफिक्सची सोयच नसते.) पण प्रोसेसरच्या भरवशावर तीन कॅमेऱ्यांचं फोर-के फुटेज ओढायचं म्हणजे बैलगाडी हायवेला आणण्यासारखं होतं. कार्ड हवंच होतं.

‘मग तपकीर गल्लीतून एक उचलून आण की!’ दादा म्हणाला. बुधवार पेठेतली ही गल्ली म्हणजे पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सची पंढरी. पण तयार पीसीची खरी मेख इथेच असते. दादाच्या डब्यातला पॉवर सप्लाय २६० वॉटचा, त्याचे कनेक्टर कंपनीचे स्वतःचे आणि डबा इतका बारीक की त्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड बसणार. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. त्यापुढे भूक असेल, तर सप्लायमधून वेगळी वायर लागते, एक ६ पिनवाली किंवा ८ पिनवाली. आरटीएक्स ३०६० सारखं कार्ड १७० वॉट खातं. ते घेतलं की सप्लाय बदला, सप्लाय बसत नाही म्हणून डबा बदला, डबा बदलला की मदरबोर्डचे कनेक्टर जुळत नाहीत. चपलेसाठी पाय कापायचा प्रकार!

सेकंडहँड? सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं, तेव्हा रात्रंदिवस राबवलेली कार्डं जगभर स्वस्तात विकायला निघाली. अशा कार्डाचा पूर्वेतिहास कुणी सांगत नाही. त्या डब्यात बसेल असा नवा पर्याय एकच सापडला. २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं आरटीएक्स ३०५०, अर्ध्या उंचीचं. ते ७० वॉटवर भागवतं, वेगळी वायर मागत नाही. किंमत मात्र पंधरा हजारांच्या वर आणि दादाच्या खिशात खडखडाट.

तेव्हा आठवली ती रिवाइंडिंगवाल्याची पद्धत. ‘कार्ड गेलं’ म्हणजे नक्की काय गेलं?

दादाने कार्ड कापडात गुंडाळलं, बाइक काढली आणि निमगाव केतकी, अंथुर्णे, सणसर करत, तुकोबांच्या पालखीचा रस्ता उलटा धरून बारामती गाठली. मीही शनिवारी तिथे पोहोचले. रिपेअरवाल्याचं दुकान म्हणजे एक टेबल, एक मायक्रोस्कोप आणि मेलेल्या बोर्डांचा ढीग. त्याने मल्टिमीटर लावला. बारा व्होल्टच्या लाइनवर शॉर्ट. मग कार्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतलं आणि त्या लाइनला अगदी कमी व्होल्टेजचा करंट दिला. शॉर्ट झालेला पार्ट तापतो, त्याच्यावरचं अल्कोहोल सगळ्यांत आधी उडतं. उडालं! तिथे होता तिळाएवढा कपॅसिटर. ढिगातल्या एका बोर्डावरून त्याच्या जोडीचा काढला, बसवला, पंख्यातली धूळ झाडली, वाळलेली थर्मल पेस्ट बदलली. तासाभरात कार्ड सुरू! बिल बाराशे रुपये, गॅरंटी एक महिन्याची.

फंडा असा आहे बॉस. पंखा किंवा पेस्ट गेली असेल, तर दुरुस्ती डोळे झाकून करा. वीज पोहोचवणारा एखादा पार्ट गेला असेल, तर दुरुस्ती परवडते. स्क्रीनवर रंगीत चौकोन नाचत असतील, तर मेमरीवर संशय घ्या. ती चिप बदलता येते, पण कारागीर पट्टीचा हवा. आणि मुख्य चिपच गेली असेल, तर नव्या कार्डासाठी पैसे साठवा. कार्ड ओव्हनमध्ये भाजायचे व्हिडिओ दिसतील, तिकडे फिरकूही नका. २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या सदोष चिपांसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले, त्या काळात हा उपाय जाम गाजला. भाजलेलं कार्ड काही दिवस चालायचं आणि पुन्हा झोपायचं.

‘रिपेअर होत नाही’ हे वाक्य आपण फार पटकन मान्य करतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं आणि मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स शेजारी-शेजारी आहेत, हे मला फार सूचक वाटतं. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात इस्रोच्या रॉकेटांसाठी मोटर केसिंग बनतात. जिथे लोखंडाची एवढी जाण आहे, तिथे एक कपॅसिटर बदलणारे हात मिळणारच. पण सर्किटची ड्रॉइंग सहसा कंपनीबाहेर येत नाहीत, म्हणून ही मंडळी मेलेले बोर्ड चाचपूनच शिकतात. त्यांचं शिक्षण टिकलं नाही, तर उद्या आपल्या सगळ्यांनाच ‘नवं मशीन बघा’ ऐकावं लागेल.

दादाने सातही लग्नं पोहोचवली. वाचलेल्या पैशांतून त्याने एक बरा यूपीएस घेतला आणि दर महिन्याला एक हजार बाजूला टाकायला सुरुवात केली. ‘कार्ड म्हातारंच आहे, कधीतरी जाणारच,’ तो म्हणतो. ‘पण कधी बदलायचं ते मी ठरवीन, सर्व्हिसवाला नाही!’