भोवरे आणि खूर

मार्गशीर्षी पौर्णिमेस, दत्तजयंतीला, तापीकांठच्या सारंगखेड्यास एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजारही. १९९८ पर्यंत हें गांव धुळें जिल्ह्यांत होतें, आज तें नंदुरबारांत मोडतें. पण खानदेशांतील माणसास ही यात्रा अजून घरचीच वाटते. आंत वळलेल्या कानांचीं टोंकें एकमेकांस भिडणारीं मारवाडी जनावरें पाहिलीं कीं, ज्यास घोडा घ्यावयाचा नाहीं त्याचाही हात खिशाकडे जातो.

गिऱ्हाइकाची परीक्षा आम्हीं पुष्कळदां पाहिली आहे. अंगावरील भोवरे मोजतात, पंचकल्याणी आहे कीं नाहीं तें पाहतात, दांतांवरून वयाची अटकळ बांधतात, रेवाळ चालीची वाहवा करितात. खूर उचलून पाहणारा विरळा. वस्तुतः ६ ते ८ आठवड्यांनीं खूर तासून घ्यावे लागतात. तेथें हयगय झाली कीं चाल गेलीच. शिवाय बरें जपलेलें जनावर २५–३० वर्षें जगतें. वरातींत मिरविण्याचें वय सरल्यावर त्याचें काय करणार, हा प्रश्न सौद्याच्या वेळीं आम्हीं कोणाच्याही तोंडून ऐकिला नाहीं.

हें लिहिण्याचा अधिकार आम्हांस विद्वत्तेनें आलेला नाहीं. जळगांवीं आमच्या घरीं याच बाजारांतून आणिलेली एक घोडी होती. एका दिवाळीस, लाडाच्या भरांत, घरांतील ज्याच्या मनांत आलें त्यानें तिच्यापुढें हरभरे ठेविले. कोणी कोणास विचारिलें नाहीं. घोड्याचें जठर देहाच्या मानानें लहान, आणि त्यास वांती होत नाहीं. दिवसभर थोडथोडा चारा चघळावा, ही त्याची प्रकृति. एका दमांत खाल्लेला दाण्याचा ढीग त्याच्या जिवावर बेततो. रात्रीं ती लोळूं लागली, वळून वळून कुशीकडे पाहूं लागली. आम्हांस वाटलें, खेळते आहे! पहांटे डॉक्टर आले. हिरड्यांचा रंग पाहतांच त्यांचा चेहरा उतरला. तिसऱ्या प्रहरीं ती गेली. गोठ्याच्या कोपऱ्यांत हरभऱ्याची अर्धी पाटी तशीच होती.

जनावरावर अति ओझें लादणें, त्यास उपाशी ठेवणें, आजारी असतां जुंपणें, हें सारें १९६० च्या प्राणिक्रौर्यप्रतिबंधक कायद्यानें गुन्हा ठरविलें आहे, व तें योग्यच आहे. आमच्या हातून घडलें त्यास मात्र त्यांत कलम नाहीं.

गेल्या यात्रेंत एका तरुणानें आम्हांस एका शिंगराच्या मानेवरचा भोवरा दाखवून विचारिलें, ‘‘काका, शुभ आहे ना?’’ आम्हीं उलट विचारिलें, ‘‘बांधणार कुठें?’’

‘‘अंगणांत पत्र्याची शेड आहे.’’

जळगांवचा वैशाख, आणि वर पत्रा! शेडमध्यें दुपारीं स्वतः घटकाभर बसून पाहा, असें आम्हीं त्यास सांगितलें. पाणी किती लागतें, नालबंद गांवांत आहे काय, हेंही विचारिलें. बिचारा कंटाळला असावा. विसाराच्या नोटा मुठींत धरून तो दलालाकडे वळला, आणि पुनः मागें आला.

‘‘काका, दारांत मोठा निंब आहे. त्याखालीं चालेल का?’’