हलके रूळ

विरारचा माणूस आगगाडीविषयी बोलू लागला म्हणजे गर्दीविषयी बोलतो. इंजिनाविषयी बोलत नाही. 1867 च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत पहिली लोकल सुटली, तेव्हापासून आमची धावपळ चालू आहे. मला मात्र इंजिनांचाच नाद आहे, आणि तोही एकोणिसाव्या शतकातल्या, अरुंद रुळांवर धावणाऱ्या वाफेच्या इंजिनांचा. लिहिण्याच्या टेबलासमोर मी त्यांची दोन चित्रे लावली आहेत. कादंबरी अडली की त्यांच्याकडे बघत बसतो. ती वरचेवर अडते, त्यामुळे चित्रे आता तोंडपाठ झाली आहेत.

घरी येणारे म्हणतात, "दोन्ही सारखीच तर आहेत!" मग माझ्यातला मास्तर जागा होतो.

पहिले इंजिन दार्जिलिंगचे. तिथे रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. चढ उभा आणि वळणे अशी, की गाडीने आपलेच शेपूट पाहावे. म्हणून 1889 पासून शार्प स्ट्यूअर्ट कंपनीने या मार्गासाठी जी इंजिने घडवली, त्यांना चारच चाके ठेवली, आणि तीही जवळजवळ. पाण्याची टाकी खोगिरासारखी बॉयलरच्या पाठीवर टाकली. सारे वजन त्या चार चाकांवर पडते आणि चाके रुळाला घट्ट धरून राहतात. एवढे करूनही पावसात ती घसरतात. म्हणून पुढे बसलेली माणसे रुळांवर वाळू टाकत जातात.

दुसरे आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे. ही रेल्वे 1897 साली सुरू झाली. रुळांमधले अंतर अडीच फूट. मुलूख सपाट, पण पैसा थोडा. म्हणून रूळही हलके, एका यार्डाला तीस पौंडांचे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनीअरने इंजिनाआधी रुळाचा विचार केला. कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये, मग तो इंजिनाचा असो की डब्याचा, असा त्याने नेमच घातला. लीड्सच्या किटसन कंपनीने त्याला इंजिन करून दिले ते बारा चाकांचे. आठ चाके एकमेकांना जोडलेली, ओढणारी. मागची चार नुसता भार वाहणारी. दार्जिलिंगने वजन गोळा केले, बार्शीने ते वाटून दिले. दोघांचेही बरोबर होते. वाट निराळी होती, एवढेच.

ज्यांनी रुळाचा विचार मागाहून केला त्यांची गोष्टही ऐका. खंडेराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात, डभोई ते मियागाम, 1862 साली देशातली पहिली अरुंद रेल्वे झाली. डबे बैल ओढीत. पुढच्या वर्षी नीलसन कंपनीची इंजिने आली. पण रूळ त्यांना पेलेनात. पुन्हा बैल जुंपले गेले. 1873 मध्ये जड रूळ घातले, तेव्हा कुठे ते इंजिनाला पेलू लागले. तोवर इंजिनाला नावे ठेवणारे पुष्कळ भेटले असतील. इंजिनात खोट नव्हती.

हे सगळे मी माझ्या वर्गातल्या एका मुलाला सांगितले. तो दहावीत आहे. पहाटे आईबरोबर मासळीच्या पाट्या उचलून तिला गाडीत बसवून देतो आणि मग शाळेत येतो. दुसऱ्या तासाला त्याची मान कलते. शिक्षकांच्या खोलीत एक जण म्हणाले, "त्याला यंदा बसवू नका. निकाल खाली जाईल." मी स्वतः मॅट्रिकवर थांबलेला माणूस, पदवीधरांपुढे आवाज चढवण्याची मला सवय नाही. तरी त्या दिवशी म्हणालो, "तो बसेल. अभ्यास मी वाटून देतो."

आता शाळा सुटल्यावर तो अर्धा तास माझ्याकडे थांबतो. रोज दोन गणिते, इंग्रजीचे पाच शब्द, भूगोलाचे एक पान. कमी नाही, जास्त नाही. आईला ताप होता, त्या आठवड्यातही हा नेम मोडला नाही. मार्चमध्ये काय होईल, ते मला ठाऊक नाही. अभ्यासक्रम मोठा आहे आणि अर्धा तास लहान.

परवा त्याने बार्शीचे चित्र निरखून पाहिले. चाके मोजली. मग म्हणाला, "सर, एवढ्या हलक्या रुळांवरून पोचायला वेळ लागत असेल ना?"

"लागायचा," मी म्हणालो. "पण पंढरपूरचे वारकरी याच रेल्वेने जायचे."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने वही उघडली आणि दुसरे गणित मांडायला घेतले.